परमुलखात पैसा बदलताना

प्रस्तावना

एके काळी परदेशप्रवास ही मोजक्या लोकांची मिरासदारी होती. आता तसे राहिलेले नाही. आखातात कामासाठी निघालेला रत्नागिरीचा वायरमन, हजयात्रेला जाणारे मालेगावचे वृद्ध दांपत्य, लुंबिनीच्या दर्शनासाठी नेपाळला जाणारे नागपूरचे उपासक, मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच विमानात बसणारी इंदूरची किंवा बडोद्याची आई, सहल मंडळाबरोबर युरोप पाहायला निघालेले निवृत्त शिक्षक अशी नाना तऱ्हेची माणसे आज देशाबाहेर जातात. प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे असते. परंतु एक गोष्ट सर्वांनाच करावी लागते. आपला पैसा देऊन दुसऱ्या देशाचा पैसा घ्यावा लागतो. यालाच चलनविनिमय म्हणतात.

हा व्यवहार दिसतो साधा, पण त्यात फसवणूक पुष्कळ होते. जेथील भाषा आपल्याला येत नाही, नोटा ओळखीच्या नाहीत आणि पाठीमागे रांग उभी आहे, अशा जागी हुशार माणूसही घाईला येतो. लबाडी करणाऱ्याला तेवढेच हवे असते. प्रस्तुत पाठात अशा फसवणुकीचे काही प्रत्यक्षात आढळणारे प्रकार आणि त्यांतून वाचण्याचे उपाय दिले आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला विनिमय दुकानाच्या फलकावरील दर वाचता येतील, आपल्या हातात किती रक्कम पडायला हवी याचा हिशेब करता येईल, फसवणुकीच्या युक्त्या ओळखता येतील आणि पैशाच्या व्यवहारातील पारिभाषिक शब्द योग्य अर्थाने वापरता येतील.

मूळ पाठ

खरेदीचा दर आणि विक्रीचा दर

विनिमय दुकानाच्या फलकावर प्रत्येक चलनापुढे दोन आकडे असतात. एक खरेदीचा, दुसरा विक्रीचा. हे दोन्ही शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात, गिऱ्हाइकाच्या नव्हे. ‘खरेदी’ म्हणजे दुकानदार ज्या भावाने परकीय चलन आपल्याकडून विकत घेतो तो भाव. ‘विक्री’ म्हणजे ज्या भावाने तो ते आपल्याला विकतो तो भाव. नवख्या प्रवाशाची पहिली गफलत येथेच होते. त्याला वाटते, मी डॉलर खरेदी करतो आहे, तेव्हा माझ्यासाठी खरेदीचा दर. प्रत्यक्षात त्याला लागू होतो तो विक्रीचा.

समजा, एका दुकानात डॉलरचा खरेदी दर ८८ रुपये आणि विक्री दर ९१ रुपये आहे. तुम्ही ५०० डॉलर घेतले, तर ४५,५०० रुपये द्यावे लागतील. काही कारणाने प्रवास रद्द झाला आणि दुसऱ्या दिवशी तेच डॉलर तुम्ही त्याच दुकानात परत केले, तर ४४,००० रुपये मिळतील. एक पैसाही न खर्चता १,५०० रुपये गेले. ही फसवणूक नव्हे. दोन दरांमधील अंतर हे दुकानदाराचे उत्पन्न असते आणि ते वाजवी असेल तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र हे अंतर किती असावे यावर सगळे अवलंबून आहे. बाजारातील त्या दिवसाचा मध्यम दर वर्तमानपत्राच्या आर्थिक पानावर अथवा मोबाइलवर पाहता येतो. फलकावरील दोन आकडे या मध्यम दराच्या दोन्ही बाजूंना, त्याच्या जवळपास असले पाहिजेत. खरेदी आणि विक्री यांत फार मोठी दरी दिसली, तर ते दुकान आपल्यासाठी नाही.

‘कमिशन नाही’ ही पाटी वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात. कमिशन न घेणारा दुकानदार धर्मादाय काम करीत नसतो. त्याचे कमिशन त्याने दरातच मिसळलेले असते. म्हणून दर काय आणि कमिशन काय, असे दोन वेगळे प्रश्न विचारण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा. “मी इतके पैसे दिले, तर सगळे काही वजा जाता माझ्या हातात नेमके किती पडतील?” उत्तर कागदावर लिहून घ्यावे, आणि ते पटल्यावरच आपले पैसे खिडकीतून आत सरकवावेत. भाषा येत नसेल तर दुकानदाराला आकडा लिहून दाखवण्याची खूण करावी. अंक सगळीकडे समजतात.

निघण्यापूर्वी

परकीय चलन शक्यतो आपल्याच देशात, ओळखीच्या भाषेत आणि सवडीने घ्यावे. भारतात हा व्यवहार परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ या कायद्याखाली चालतो. बँका आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले चलन विनिमयकर्ते यांच्याकडूनच परकीय चलन घेता येते. परवाना दुकानात दर्शनी भागी लावलेला असतो. पासपोर्ट, तिकीट व आवश्यक तेथे व्हिसा पाहिल्यावर ते पावती देतात. त्या पावतीवर दर, रक्कम आणि सेवेवरील कर स्वतंत्रपणे दाखवलेला असतो. ही पावती परत येईपर्यंत जपून ठेवावी.

“पावती कशाला? त्यापेक्षा दोन रुपये स्वस्त देतो,” असे सांगणारा माणूस प्रत्येक मोठ्या शहरात भेटतो. कधी तो दूरचा नातेवाईक असतो, कधी प्रवासी एजंटाचा मित्र. त्याच्याकडून घेतलेली नोट बनावट निघाली, तर दाद मागायला जागा नसते, आणि विनापरवाना व्यवहार केल्याबद्दल कायद्याचा बडगा मात्र आपल्यावर येऊ शकतो.

किती चलन रोखीने न्यावे यालाही मर्यादा आहे. काही देश वगळता एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलर किंवा तितक्या मोलाच्या नोटा नेता येतात. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर भरून नेता येते. दुकानदाराला रुपयांत रोख रक्कम द्यायची असेल, तर ती ५०,००० रुपयांपेक्षा कमी असावी लागते. त्याहून मोठा व्यवहार बँकेमार्फत होतो.

डॉलर घेताना नोटा स्वच्छ, न दुमडलेल्या आणि अलीकडच्या छपाईच्या मागून घ्याव्यात. ही उगाच केलेली चिकित्सा नव्हे. इंडोनेशिया, म्यानमार यांसारख्या देशांत डॉलरच्या नोटेवर घडी, शाईचा ठिपका वा शिक्का असला, की ती कमी दराने घेतात किंवा नाकारतातच. मुंबईत न मागितलेली करकरीत नोट तिकडे मागून मिळत नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) फलकावरील ‘विक्री’ हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिलेला असतो?
(आ) ‘धर्मादाय काम करणे’ हा शब्दप्रयोग लेखकाने येथे कोणत्या हेतूने केला आहे?

प्रागमधील फलक

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हे युरोपातील अतिशय सुंदर शहर. भारतातून युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांच्या वाटेवर ते असते. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघाचे सदस्य असले, तरी तेथील चलन युरो नाही, कोरुना आहे. त्यामुळे युरो घेऊन आलेल्या प्रवाशाला तेथे पुन्हा एकदा पैसा बदलावा लागतो. जुन्या शहराच्या चौकाभोवती आणि चार्ल्स पुलाकडे जाणाऱ्या गल्लीत विनिमय दुकाने दाटीने उभी आहेत. त्यांतली काही चोख आहेत. काहींनी मात्र वर्षानुवर्षे शहराचे नाव खराब केले.

त्यांची पद्धत अशी होती. दाराबाहेर मोठ्या अक्षरांत एक आकर्षक दर झळकत असे. तो असे विक्रीचा, म्हणजे कोरुना देऊन युरो घेणाऱ्यासाठी. प्रवासी तर युरो देऊन कोरुना घ्यायला आलेला असे. चेक भाषेत खरेदीला ‘नाकुप’ आणि विक्रीला ‘प्रोदेय’ म्हणतात, हे त्याला कोठून ठाऊक असणार! काही ठिकाणी तो चांगला दर खरोखरच खरेदीचा असे, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असे, की तो फार मोठ्या रकमेसाठी आहे.

हिशेब करून पाहू. समजा, एका युरोचा मध्यम दर २५ कोरुना आहे. बाहेरच्या फलकावर २४.९० दिसतो. प्रवासी २०० युरो देतो आणि मनात धरतो, की आपल्याला ४,९८० कोरुना मिळतील. खिडकीतून त्याच्या हाती पडतात ३,८००, कारण दुकानाचा खरेदी दर १९ होता. मध्यम दराने मिळाले असते त्यापेक्षा १,२०० कोरुना कमी. एक कोरुना चार रुपयांचा धरला, तर एका मिनिटात ४,८०० रुपये गेले. शहाण्या माणसाने जेवणाच्या थाळीसाठी चार हॉटेले पाहावीत आणि येथे मात्र न विचारता युरो आत सरकवावेत, ही मोठी विसंगती आहे.

तक्रारी वाढल्यावर चेक शासनाने कायदा बदलला. १ एप्रिल २०१९ पासून तेथे १,००० युरोपर्यंतचा विनिमय गिऱ्हाइकाला तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण सांगावे लागत नाही. त्याच दुकानात पावती दाखवून आपले युरो परत मागायचे असतात. या दुकानांवर चेक राष्ट्रीय बँकेची देखरेख असते. हा अधिकार ठाऊक नसलेले प्रवासी आजही असतात आणि पावती न घेणाऱ्याला तो असून नसल्यासारखाच.

येथे अंकांविषयी एक सूचना केली पाहिजे. आपण दशांशासाठी टिंब आणि हजार-लाखांसाठी स्वल्पविराम वापरतो. युरोपातील पुष्कळ देशांत आणि इंडोनेशियातही याच्या उलट रीत आहे. तेथे २४,९० म्हणजे चोवीस पूर्णांक नव्वद शतांश, आणि १००.००० म्हणजे एक लाख. अनवधानाने वाचणाऱ्याचा यात सहज घोटाळा होतो.

बालीतील मोजणी

इंडोनेशियाच्या बाली बेटावर फसवणुकीची तऱ्हा प्रागच्या अगदी उलट आहे. तेथे दर वाईट नसतो. उलट बाजारापेक्षा चांगला असतो आणि हीच धोक्याची पहिली खूण होय. कुटा, लेगियान यांसारख्या पर्यटकांनी गजबजलेल्या भागांत, कपड्यांच्या किंवा शोभेच्या वस्तूंच्या दुकानात मागच्या बाजूला एक टेबल असते, बाहेर खडूने लिहिलेला दर असतो. बँकांपेक्षा जास्त दर देणारा हा उदार माणूस कमावतो कोठून, हा प्रश्न मनात यायला हवा.

तो कमावतो मोजण्यात. इंडोनेशियाचे चलन रुपिया. त्यात शून्यांची रेलचेल असते. समजा, दर डॉलरला १६,५०० रुपिया लिहिला आहे आणि इतरत्र तो १६,२०० आहे. २०० डॉलरचे ३३ लाख रुपिया होतात. तेथील सर्वांत मोठी नोट एक लाखाची, तांबड्या रंगाची. म्हणजे ३३ नोटांत काम व्हावे. पण दुकानदार निळ्या पन्नास हजारांच्या नोटा काढतो, त्यांत हिरव्या वीस हजारांच्या आणि जांभळ्या दहा हजारांच्या मिसळतो. पुडका जाड होतो. प्रवासी वैतागतो. दुकानदार टेबलावर दहा-दहा लाखांच्या थप्प्या लावतो आणि स्वतः गिऱ्हाइकाला मोजायला देतो. मोजणी बरोबर भरते. मग तो म्हणतो, “थांबा, एकदा मी पाहतो,” आणि थप्प्या एकत्र करताना काही नोटा टेबलाच्या आतल्या बाजूला, मांडीवर किंवा खणात सोडतो. त्याच वेळी त्याचा साथीदार गोड आवाजात विचारतो, “कोठून आलात? इंडिया?” गिऱ्हाइकाची नजर तेवढ्यापुरती वर जाते.

अशा रीतीने पन्नास हजारांच्या सहा नोटा जरी गळाल्या, तरी तीन लाख रुपिया गेले. चांगल्या दरामुळे त्याला वाटलेला फायदा होता अवघा साठ हजारांचा. आमिष आणि नुकसान यांचे हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

याला उपाय एकच आणि तो सोपा आहे. शेवटची मोजणी आपली असावी. आपण मोजल्यावर त्या नोटांना दुसऱ्या कोणाचाही हात लागता कामा नये. लागला, तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे, मग कोणी कितीही नाराज होवो. मोजून होईपर्यंत आपले डॉलर आपल्या हातात असावेत. एक लाखाच्याच नोटा मागाव्यात. दुकानदार नाही म्हणाला, तर नमस्कार करून उठावे. हिशेब त्याच्या गणकयंत्रावर न करता स्वतःच्या मोबाइलवर करावा, कारण बिघडवून ठेवलेली यंत्रेही आढळली आहेत. परवाना असलेल्या विनिमय दुकानांत बँक इंडोनेशियाचा परवाना लावलेला असतो, काचेची खिडकी, छापील पावती आणि बहुधा कॅमेरा असतो. त्यांचा दर थोडा कमी असेल, पण तो खरा असतो.

आपल्या लोकांना दुकानदारासमोर पैसे मोजायचा संकोच वाटतो. समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे मनात येते. हा संकोच सोडायला हवा. बँकेतला रोखपालही नोटा आपल्यासमोर मोजतो, त्यात त्याने आपला अपमान केला असे आपण मानत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) बालीमध्ये फार चांगला दर ही धोक्याची खूण का मानावी?
(आ) शेवटची मोजणी कोणाची असावी आणि का?

रद्द झालेल्या नोटा

८ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतात ५०० आणि १,००० रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. कल्पना करा, की आज एखादा परदेशी पाहुणा मुंबईत उतरला आणि कोणी त्याच्या हातात त्या जुन्या हजाराच्या नोटा ठेवल्या. नोटा खऱ्या, त्यावर गांधीजींचे चित्र खरे, पण किंमत शून्य. त्या पाहुण्याला ते कळणार कसे? परदेशात आपली स्थिती नेमकी त्या पाहुण्यासारखी असते.

प्रागच्या रस्त्यावर हा खेळ पुष्कळ काळ चालला. विनिमय दुकानाजवळ घुटमळणाऱ्या प्रवाशाला एखादा माणूस हळूच सांगतो, की आत जाऊ नका, ते लुटतात, मी चांगला दर देतो. त्याचे निम्मे म्हणणे खरे असल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. तो देतो त्या नोटा मात्र कोरुनाच्या नसतात. त्या असतात बल्गेरियाच्या जुन्या लेवच्या. बल्गेरियाने ५ जुलै १९९९ रोजी हजार जुन्या लेवचा एक नवा लेव केला आणि जुन्या नोटा पुढे बाद झाल्या. त्या नोटेवरील मजकूर रशियनसारख्या सिरिलिक लिपीत असतो, तर चेक नोटेवरील मजकूर रोमन लिपीत. लिपीचा हा फरक ज्याच्या ध्यानात आला, तो वाचला.

तुर्कस्तानात १ जानेवारी २००५ रोजी चलनातील सहा शून्ये काढून टाकली गेली. दहा लाख जुन्या लिराचा एक नवा लिरा झाला. जुन्या नोटेवर लाखांचे आकडे पाहून हरखणाऱ्याला हे माहीत असायला हवे. ब्रिटनमध्ये कागदी २० आणि ५० पौंडांच्या नोटांचे कायदेशीर चलन ३० सप्टेंबर २०२२ नंतर संपले. त्या बँक ऑफ इंग्लंडकडून बदलून मिळतात, पण दुकानदार घेत नाही. लंडनला राहून आलेल्या काकांनी प्रेमाने कपाटातून काढून दिलेले पौंड यासाठी आधी पारखून घ्यावेत.

यावर उपाय घरीच करता येतो. ज्या देशात जायचे, तेथील मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर चालू नोटांची चित्रे असतात. प्रवासाच्या आधी ती एकदा नीट पाहावीत, प्रत्येक नोटेचा रंग आणि तीवरील चेहरा लक्षात ठेवावा. चेक प्रजासत्ताकाच्या १०० कोरुनाच्या नोटेवर सम्राट चौथा चार्ल्स आहे, इतके जरी आठवले तरी पुरते. लहान मुलांना हा अभ्यास मोठ्यांपेक्षा लवकर येतो, तेव्हा त्यांना बरोबर घ्यावे.

बांधलेले दर

काही चलनांचे दर रोज फारसे हलत नाहीत. ती दुसऱ्या चलनाशी शासनानेच बांधलेली असतात. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराशी बांधलेला आहे. सौदी अरेबियाचा रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ आहे. आखातात जाणाऱ्या कामगाराने आणि हजयात्रेकरूने हे दोन आकडे पाठ करावेत. १०० डॉलरचे साधारण ३६७ दिरहम अथवा ३७५ रियाल व्हायला हवेत. दोन-चारचा फरक समजू शकतो. कोणी ३४० सांगू लागला, तर वादात न पडता पुढच्या दुकानात जावे.

नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. आपल्या १०० रुपयांना तेथील १६० रुपये. नेपाळात पुष्कळ दुकानदार भारतीय नोटा घेतात, आणि गोंधळ होतो तो येथेच. दोन्ही देशांत ‘रुपया’ हाच शब्द आहे. दुकानदार ८०० रुपये म्हणतो तेव्हा तो नेपाळी रुपये सांगत असतो. आपण भारतीय ८०० काढून दिले, तर ५०० ची वस्तू ८०० ला पडली. तेथे भारतीय चलनाला ‘आयसी’ आणि नेपाळी चलनाला ‘एनसी’ म्हणतात. म्हणून किंमत ऐकताच “आयसी की एनसी?” असे विचारावे. मोड कोणत्या चलनात मिळाली तेही पाहावे. मोठ्या भारतीय नोटांबाबत नेपाळचे नियम वेळोवेळी बदलत आलेले आहेत. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी केलेली बरी.

कार्ड वापरताना

रोख पैसा नको, कार्ड बरे, असे म्हणणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. परदेशातील दुकानात अथवा एटीएमवर आपले कार्ड घातले, की कधी कधी यंत्र विचारते, रक्कम रुपयांत हवी की स्थानिक चलनात? रुपये दिसल्यावर आपल्या माणसाला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटते आणि तो रुपयांवर बोट ठेवतो. समजा, बँकॉकमध्ये ४,००० बाहतची खरेदी झाली. यंत्र म्हणते ११,८०० रुपये. बाहत निवडले असते, तर कार्डाच्या नेहमीच्या दराने कदाचित ११,००० च झाले असते. हा वरचा पैसा रुपयांत रूपांतर करून देणाऱ्या कंपनीला आणि दुकानदाराला जातो. या सेवेला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ असे भारदस्त नाव आहे. ती बेकायदेशीर नाही, कारण यंत्राने आपल्याला विचारलेले असते. शिवाय काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपले शुल्क लावतात, म्हणजे दुहेरी भुर्दंड. यंत्राने विचारताच स्थानिक चलन निवडावे. दुकानदाराने न विचारता रुपये निवडले, तर सही वा पिन देण्यापूर्वी व्यवहार रद्द करायला सांगावे.

विमानतळावरील विनिमय खिडक्यांचा दर बहुधा महाग असतो. पण महाग असणे आणि लबाड असणे यांत फरक आहे. शहरापर्यंतच्या गाडीभाड्यापुरते पैसे तेथे बदलून घेण्यास हरकत नाही.

फसवणूक झालीच तर

बऱ्याच शहरांत आणखी एक जुना प्रकार चालतो. एक अनोळखी माणूस तुम्हाला नोटा बदलून देता का, असे विचारतो. तुम्ही नाही म्हणता, तोच साध्या वेशातील दोन ‘पोलीस’ येतात, ओळखपत्र झटकन दाखवून मिटतात आणि बनावट नोटांच्या तपासणीसाठी पाकीट मागतात. पाकीट परत मिळते, पण हलके होऊन. अशा वेळी पाकीट हातात न देता शांतपणे सांगावे, की जवळच्या पोलीस ठाण्यात चला, तेथे दाखवतो. खऱ्या पोलिसाची याला हरकत नसते. तोतया काढता पाय घेतो.

विनिमय दुकानात कमी पैसे मिळाल्याचे कळले, तर वेळ न दवडता पावती घेऊन तेथेच परत जावे. दुकान सोडल्यावर जितका वेळ जाईल तितके आपले म्हणणे सिद्ध करणे कठीण होते. दुकानदार ऐकत नसेल, तर स्थानिक पोलिसांकडे, पर्यटन पोलीस असल्यास त्यांच्याकडे तक्रार नोंदवावी. कार्डाचा व्यवहार असेल, तर आपल्या बँकेला ताबडतोब कळवावे. भारतीय दूतावास पासपोर्ट हरवल्यास मदत करतो, पण दुकानात गेलेला पैसा तो भरून देत नाही.

खेदाची गोष्ट अशी, की अशी फसवणूक झालेली पुष्कळ माणसे कोणाला सांगतच नाहीत. आखातातल्या पहिल्या पगारातले पैसे गेले, तरी घरी फोनवर ‘सर्व ठीक’ असेच सांगितले जाते. सहलीतला गृहस्थ शेजारी बसलेल्या सोबत्यालाही बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो सोबती त्याच दुकानात जातो. पैसे जाण्यापेक्षा हसे होण्याची भीती माणसाला मोठी वाटते. ज्याने बोलून दाखवले, त्याने निदान बरोबरच्या तीस जणांचे पैसे वाचवले. त्याच्या साधेपणाला हसणाऱ्यांनीही पुढच्या खिडकीवर नोटा दोनदा मोजल्या असतील.

प्रवासाहून परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांच्या आत बँकेत अथवा परवानाधारक विनिमयकर्त्याकडे परत करायचे असते. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाणी मात्र सहसा कोणी परत घेत नाही. ती त्या देशाच्या विमानतळावरच चहापाण्यात खर्च करून यावीत, किंवा शेजारच्या मुलांसाठी खिशात ठेवावीत.

शब्दार्थ

मिरासदारी – वंशपरंपरागत किंवा खास हक्क
दर्शनी भागी – सहज दिसेल अशा जागी
मध्यम दर – खरेदी व विक्री या दोन दरांच्या मधला बाजारभाव
चिकित्सा – येथे अर्थ, बारकाईने पारख
अनवधान – लक्ष नसणे
आमिष – लालूच
रोखपाल – बँकेत रोख पैशाची देवघेव करणारा कर्मचारी
भुर्दंड – विनाकारण पडलेला खर्च
तोतया – दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणारा

स्वाध्याय

१. एका युरोचा मध्यम दर २४.५० कोरुना असताना दुकानाचा खरेदी दर २०.४० आहे. ३०० युरो दिल्यास हातात किती कोरुना पडतील? मध्यम दराच्या तुलनेत किती नुकसान होईल?

२. नेपाळमधील एका दुकानदाराने शालीची किंमत १,२०० रुपये सांगितली. ती नेपाळी रुपयांत असेल, तर भारतीय चलनात किती पैसे द्यावे लागतील?

३. प्राग आणि बाली येथील फसवणुकीच्या पद्धतींत कोणता फरक आहे, ते आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : काढता पाय घेणे, असून नसल्यासारखे असणे, हरखून जाणे.

५. पाठातून ‘चलन’ या शब्दाशी संबंधित पाच पारिभाषिक शब्द शोधा आणि प्रत्येकाचा अर्थ एका वाक्यात लिहा.

६. तुमची बहीण नोकरीसाठी प्रथमच दुबईला निघाली आहे. पैसे बदलताना तिने कोणती काळजी घ्यावी, हे सांगणारे पत्र तिला लिहा. पत्रात दिरहम आणि डॉलर यांच्या दराचा उल्लेख यायला हवा.

७. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील परदेशी जाऊन आलेल्या एका व्यक्तीला भेटा. तिने तेथे पैसे कोठे व कसे बदलले, पावती घेतली का, कोणत्या नोटा पाहिल्या, हे विचारून टिपण तयार करा आणि अभ्यासकेंद्रात वाचून दाखवा.